गेम पहिली दहा मिनिटे सुरळीत, नंतर अडखळत: प्रोसेसरचा क्लॉक कुठे घसरतो ते कसे शोधावे

ही तक्रार बहुतेक वेळा त्याच शब्दांत ऐकू येते. गेम सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे सगळे सुरळीत चालते, मग फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) घसरू लागतो, कॅमेरा वळवताना चित्र अडखळते, आणि गर्दीच्या प्रसंगात तर माउस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत क्षणभर वाट पाहावी लागते. गेम बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केला, की पुढची दहा मिनिटे पुन्हा सुखाची जातात. त्यामुळे संशय आधी गेमवर जातो, मग ग्राफिक्स ड्रायव्हरवर, मग नुकत्याच आलेल्या विंडोज अपडेटवर. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला जातो, गेमच्या फाइली तपासल्या जातात, आणि या सगळ्या खटाटोपात यंत्र निवांत थंड होत असल्यामुळे केलेला प्रत्येक उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. या समस्येत माणूस सर्वाधिक फसतो तो इथेच.

माझ्या लॅपटॉपवर हा त्रास दोन महिने चालला होता. उत्तर सापडले ते एका साध्या नोंदीतून, आणि त्यानंतर इतरांची यंत्रे पाहतानाही मी तोच क्रम पाळत आलो आहे: ज्या क्षणी गेम अडखळतो त्या क्षणी प्रोसेसर प्रत्यक्ष किती वेगाने चालत आहे, हे आधी पाहायचे आणि मगच कशाला हात लावायचा. खोक्यावर छापलेला गिगाहर्ट्झचा आकडा हा प्रोसेसरला अनुकूल परिस्थितीत, बहुधा एकदोन कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणकांवर) आणि थोड्या वेळासाठी गाठता येणारा वेग असतो. अर्ध्या तासाच्या खेळात तो आकडा टिकतो का, हा वेगळा प्रश्न आहे.

क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा हा वेग, घसरल्याने नेमके काय बिघडते, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर ४.२ गिगाहर्ट्झने चालत असेल, तर तेवढ्या वेळात त्याच्या एका कोअरची सुमारे ७ कोटी चक्रे होतात, तोच २.४ गिगाहर्ट्झवर आला, की ४ कोटीच उरतात. आता समजा, शत्रूंच्या हालचाली ठरवणे, टकरींचा हिशेब करणे आणि ग्राफिक्स कार्डाला काय काढायचे त्याच्या सूचना तयार करणे, या सगळ्याला गेमच्या मुख्य थ्रेडची, म्हणजे एका कोअरवर चालणाऱ्या मुख्य कामाची, ६ कोटी चक्रे लागतात. पहिल्या वेगाला हे काम १४.३ मिलिसेकंदांत आटोपते आणि ७० फ्रेम मिळतात. दुसऱ्या वेगाला त्याच कामाला २५ मिलिसेकंद लागतात आणि फ्रेम ४० वर येतात. मुख्य थ्रेडचे हे काम एकामागून एकच करावे लागत असल्याने, शेजारचे पाच-सात कोअर मोकळे असले तरी त्यांना यात फारसा हातभार लावता येत नाही.

म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा एकूण वापराचा टक्का गेमच्या बाबतीत दिशाभूल करतो. १६ थ्रेड असलेल्या, म्हणजे एका वेळी १६ कामे चालवू शकणाऱ्या, प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरलेला असला, तरी एकूण वापरात त्याचा वाटा ६.२५ टक्केच दिसतो. ‘प्रोसेसर तर ३० टक्केच वापरात आहे, म्हणजे दोष त्याचा नाही’ असे म्हणणारे बहुतेक जण याच आकड्याने फसलेले असतात.

एके काळी क्लॉक आणि गेम यांचे नाते याहून सरळ होते. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने चालत असे, आणि त्या काळच्या अनेक गेमांत कालमापन प्रोसेसरच्या वेगावरच अवलंबून असे. पुढे जलद यंत्रे आली तेव्हा हे गेम खेळता येणार नाहीत इतके वेगाने धावू लागले, आणि यंत्र मुद्दाम मंद करण्यासाठी टर्बो बटण द्यावे लागले. आजचे बहुतेक गेम खऱ्या वेळेनुसार चालतात. त्यामुळे क्लॉक घसरला तरी पात्रे हळू धावत नाहीत. फ्रेम कमी होतात आणि चित्र तुटक दिसते. शहर उभारणीच्या किंवा मोठ्या युद्धनीतीच्या काही गेमांत मात्र आजही गेममधला दिवसच लांबतो, आणि असे झाले तर संशय थेट प्रोसेसरकडे वळवावा.

आधी दोषी प्रोसेसरच आहे ना, ते ठरवा

ही पायरी गाळू नये, कारण ती पाच मिनिटांत होते आणि पुढचे कित्येक तास वाचवते. गेम अडखळत असलेल्या अवस्थेत, त्याच जागी उभे राहून, रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. फ्रेम रेट भरघोस वाढला, तर भार ग्राफिक्स कार्डावर होता आणि या लेखातील बहुतेक उपाय आपल्या कामाचे नाहीत. फ्रेम रेट जवळजवळ तेवढाच राहिला, तर चित्रातील ठिपके कमी करूनही काही फरक पडला नाही, म्हणजे अडथळा चित्र रंगवण्याच्या आधी, प्रोसेसरच्या बाजूला आहे. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९७ ते ९९ टक्के असेल तर ते पूर्ण क्षमतेने राबत आहे असे समजावे. तो ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरीही फ्रेम कमी असतील, तर ते कार्ड प्रोसेसरकडून येणाऱ्या सूचनांची वाट पाहत आहे. ही चाचणी करताना व्ही-सिंक (फ्रेम रेट पडद्याच्या वेगाशी बांधणारी सोय) आणि फ्रेम रेटवरील इतर मर्यादा बंद ठेवायला विसरू नये, कारण त्या चालू असताना कार्डाचा वापर कमी दिसणे स्वाभाविकच असते.

लॅपटॉप चार्जरला जोडलेला आहे ना, हेही याच वेळी पाहावे. बॅटरीवर असताना क्लॉक उतरणे हा दोष नाही.

नोंद कशी घ्यावी

एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये सेन्सरचे सर्व आकडे दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवण्याची सोय आहे. एमएसआय आफ्टरबर्नरसोबत येणारा रिवाट्यूनर फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख पडद्याच्या कोपऱ्यात दाखवतो. गेमचा एकच सेव्ह निवडावा, शक्यतो गर्दीच्या जागेचा, आणि नोंद सुरू करून सलग अर्धा तास खेळावे. नंतर फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून चार रकान्यांवर लक्ष ठेवावे: सर्वांत वेगवान कोअरचा क्लॉक, प्रोसेसरचे तापमान, प्रोसेसर घेत असलेले वॅट, आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर. सर्व कोअरच्या सरासरीकडे पाहू नये, कारण त्या क्षणी विश्रांती घेणारे कोअर ती सरासरी खाली खेचतात आणि नसलेला दोष दाखवतात. याच प्रोग्रॅममध्ये उष्णतेमुळे किंवा वीजमर्यादेमुळे वेग रोखला गेला का, याचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे थेट उत्तर देणाऱ्या ओळीही असतात. इंटेलच्या प्रोसेसरवर त्या विशेष उपयोगी पडतात.

माझ्या नोंदीत पहिल्या मिनिटाला क्लॉक ४.० गिगाहर्ट्झ होता, तापमान ८४ अंश. सहाव्या मिनिटाला तापमान ९६ वर पोचले आणि तिथेच चिकटले. त्यापुढे क्लॉकचा रकाना ३.३, २.७, ३.१, २.४, २.९ असा वर-खाली होत राहिला, आणि फ्रेम टाइमच्या आलेखातला प्रत्येक उंच सुळका क्लॉकच्या एखाद्या खड्ड्याशी जुळत होता. त्या प्रोसेसरचा मूळ क्लॉक २.६ गिगाहर्ट्झ होता. भार असताना वेग मूळ क्लॉकच्याही खाली जाणे हे ठळक लक्षण आहे, कारण नेमून दिलेल्या वॅटांत आणि ठीकठाक थंडाव्यात प्रोसेसरने निदान तेवढा वेग राखावा, हीच मूळ क्लॉकमागची अपेक्षा असते.

नोंदीतील रेषा काय सांगते

माझ्यासारखी रेषा, म्हणजे तापमान एका कमाल आकड्याला चिकटलेले आणि क्लॉक करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली, ही उष्णतेची खूण आहे. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियस असते आणि लॅपटॉपचे निर्माते ती अनेकदा त्याहून थोडी खाली ठेवतात. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, थोडा थंड होतो, पुन्हा वेग वाढवतो, पुन्हा तापतो. एक खबरदारी इथे सांगितली पाहिजे: नुसता तापमानाचा मोठा आकडा पाहून घाबरू नये. डेस्कटॉपसाठीचे रायझन ७००० मालिकेतील मोठे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवलेले आहेत. ९५ अंशांवर क्लॉक स्थिर आणि उंच असेल, तर दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

दुसरी रेषा पायरी उतरल्यासारखी दिसते. काही सेकंद वॅटचा आकडा मोठा, क्लॉक उंच. मग दोन्ही एकदम खाली येतात आणि तिथेच सपाट राहतात, आणि तापमानही खाली येऊन ७५-८० अंशांवर निवांत बसते. ही वीजमर्यादेची खूण. इंटेलच्या प्रोसेसरांना दोन मर्यादा असतात, एक थोड्या वेळासाठी आणि एक कायमची. पहिलीची मुदत बहुधा २८ किंवा ५६ सेकंद ठेवलेली असते, आणि ती संपली की ४५ वॅटच्या लॅपटॉप प्रोसेसरला ४५ वॅटांतच भागवावे लागते. लॅपटॉपमध्ये यात आणखी एक वाटेकरी असतो. एनव्हीडियाच्या डायनॅमिक बूस्टसारख्या सोयी प्रोसेसरच्या वाट्याची काही वीज ग्राफिक्स कार्डाकडे वळवतात. ज्या गेममध्ये भार कार्डावर आहे तिथे हे फायद्याचे असते, पण प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये कधीकधी उलटे पडते. अशा वेळी पंखा साफ करून किंवा प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलून काहीही हाती लागत नाही, आणि नोंद न घेता यंत्र उघडणाऱ्यांची निराशा होते ती याच कारणाने.

तिसरी रेषा पहिल्या सेकंदापासून सपाट असते, आणि तीही फार खाली: ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झ, तापमान जेमतेम ५० अंश. इथे प्रोसेसर तापलेला नसतोच. यंत्रातील दुसराच एखादा भाग त्याला ‘तापलो’ असा इशारा देऊन थांबवत असतो. चार्जर ओळखला न जाणे, कमी वॅटचा चार्जर जोडलेला असणे, किंवा एखादा सेन्सर बिघडणे ही नेहमीची कारणे आहेत. आधी मूळ चार्जर लावून पाहावा, मग यंत्र बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून ठेवावे आणि पुन्हा सुरू करावे. थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममध्ये हा इशारा पाळण्याची खूण काढून टाकता येते, पण ती काढण्याआधी इशारा खोटाच आहे याची खात्री करून घ्यावी. वीजपुरवठ्याचे भाग खरोखर तापलेले असताना तो बंद करणे म्हणजे मदरबोर्ड पणाला लावणे होय.

चौथा प्रकार लहान आहे, तरी वरचेवर आढळतो. क्लॉक मूळ आकड्यावर येऊन थांबतो आणि त्याच्या वर कधीच जात नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० ऐवजी ९९ टक्के केलेली असेल, तर टर्बो, म्हणजे मूळ क्लॉकच्या वर जाण्याची सोय, बंद होतो. उन्हाळ्यात यंत्र थंड ठेवण्यासाठी कोणीतरी केलेला हा बदल पुढे विस्मरणात जातो.

डेस्कटॉपवर एक प्रकार हमखास चुकतो. प्रोसेसर थंड असतो, बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीजमर्यादाही मोकळी असते, तरीही वीस मिनिटांनी क्लॉक कोसळतो. स्वस्त मदरबोर्डावर मोठा प्रोसेसर बसवला, की त्याला वीज पुरवणारे मॉस्फेट तापतात आणि मदरबोर्डच वेग रोखतो. कॅबिनेटची बाजू उघडून त्या भागावर एक साधा पंखा धरून पाहावा. क्लॉक सावरला, तर निदान पक्के झाले.

उष्णतेवर उपाय

माझ्या लॅपटॉपचा मागचा पत्रा काढला तेव्हा पंखा वरून स्वच्छच दिसत होता. पंख्याचे झाकण सोडवल्यावर मात्र आतल्या पात्यांच्या आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीचा करडा थर निघाला, नमद्यासारखा घट्ट विणलेला, चिमट्याने एका तुकड्यात उचलता आला इतका. बाहेरून हवेचा झोत मारून हा थर निघत नाही, कारण तो जाळीच्या आतल्या बाजूला असतो आणि झोताने फार तर जागचा हलतो, नंतर पुन्हा तिथेच येऊन बसतो. साफ करताना चार्जर काढावा, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने पंखा त्याच्या क्षमतेबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

थर्मल पेस्ट बदलायची असल्यास हीटसिंकचे, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाचे, स्क्रू शेजारी छापलेल्या क्रमाने, थोडे थोडे करत सोडवावेत आणि त्याच क्रमाने बसवावेत. एकच कोपरा आधी घट्ट केला, तर हीटसिंक तिरका बसतो आणि एक कोअर इतरांपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापतो. पेस्ट बदलल्यावर असा फरक नोंदीत दिसला, तर पेस्टला दोष न देता स्क्रू पुन्हा बसवावेत.

यंत्र उघडायचे नसेल, तर दोन उपाय उरतात आणि दोन्ही माझ्या मते कमी लेखले जातात. पहिला म्हणजे फ्रेम रेटला मर्यादा घालणे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या उष्णतानळ्या एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे कार्डाने विनाकारण ११० फ्रेम काढताना सोडलेली उष्णता प्रोसेसरलाही भोगावी लागते. ६० किंवा ७२ वर मर्यादा घातली, की दोघांचेही काम हलके होते आणि गर्दीच्या प्रसंगासाठी क्लॉक शिल्लक राहतो. सतत ११० आणि ४० यांच्यात हेलकावे खाणाऱ्या चित्रापेक्षा स्थिर ६० डोळ्यांना कितीतरी सुखद असते. दुसरा उपाय व्होल्टेज कमी करण्याचा. प्रोसेसरची वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून क्लॉक तोच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवता आले, तर कामासाठी खर्च होणारी वीज सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते. अर्थात १० टक्के हा हिशेबापुरता आकडा आहे. प्रत्यक्षात थोडे थोडे उतरवत जावे आणि यंत्र अडकले की एक पायरी मागे यावे. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षात्रुटी उघड झाल्यानंतर इंटेलच्या अनेक लॅपटॉपांवर ही सोय बायोसमधून बंद करण्यात आली. अशा यंत्रांवर कमाल क्लॉकच थोडा खाली बांधून घ्यावा, ४.० आणि २.४ यांच्यात उड्या मारणाऱ्या प्रोसेसरपेक्षा ३.५ वर ठाम राहणारा प्रोसेसर गेमसाठी चांगला.

क्लॉक पूर्ण असूनही गेम अडखळत असेल तर

अशी यंत्रेही भेटतात. नोंदीत क्लॉकची रेषा उंच आणि सपाट, तापमान मर्यादेत, रिझोल्यूशनच्या चाचणीने अडथळा प्रोसेसरकडेच दाखवलेला, आणि तरीही फ्रेम कमी. इथे लक्षात घ्यायचे ते असे की क्लॉक हा फक्त चक्रांचा वेग आहे. एका चक्रात किती काम होते, आणि किती चक्रे नुसती वाट पाहण्यात जातात, हे त्यातून कळत नाही. इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला होता, आणि २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओने २.४ गिगाहर्ट्झवर असतानाही त्याला मागे टाकले. २०२२ मधला रायझन ७ ५८००एक्स३डी हे आणखी बोलके उदाहरण आहे: त्याचा कमाल क्लॉक ४.५ गिगाहर्ट्झ, तर त्याच्या ५८००एक्स या भावंडाचा ४.७, तरीही ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद स्मृती) असल्यामुळे बऱ्याच गेमांत कमी क्लॉकचाच प्रोसेसर पुढे राहिला.

कारण रॅममध्ये आहे. हवी ती माहिती कॅशमध्ये सापडली नाही आणि रॅमपर्यंत जायला ८० नॅनोसेकंद लागले, तर ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची ३२० चक्रे त्यात जातात. क्लॉक वाढवला तर वाया जाणाऱ्या चक्रांची संख्याच वाढते. म्हणून अशा यंत्रात दोन गोष्टी पाहाव्यात. रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल, तर दुसरी तशीच पट्टी टाकून ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणारी जोडणी, करावे, आणि डेस्कटॉपवर पट्ट्या योग्य खाचांत आहेत ना ते मदरबोर्डाच्या पुस्तिकेतून ताडून पाहावे. शिवाय बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय, चालू आहे का तेही पाहावे, कारण ते बंद असेल तर महागडी रॅमही सामान्य वेगावरच चालत राहते. बायोस अपडेट केल्यावर ही सोय अनेकदा आपोआप बंद होते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दुरुस्ती झाल्यावर तोच सेव्ह, त्याच जागी, तेवढाच अर्धा तास खेळून दुसरी नोंद घ्यावी आणि पहिलीशेजारी ठेवून पाहावी. माझ्या दुसऱ्या नोंदीत विसाव्या मिनिटालाही क्लॉक ३.६ गिगाहर्ट्झवर होता आणि तापमान ८७ अंश. फ्रेम टाइमच्या आलेखात दोनच सुळके उरले होते, दोन्ही नवीन भागात शिरतानाचे, आणि त्या वेळी क्लॉक मुळीच हलला नव्हता. नव्या भागाच्या फाइली जुन्या हार्ड डिस्कवरून वाचल्या जात होत्या. गेम एसएसडीवर हलवल्यावर तेही थांबले.